मांडवीची पायी फेरी: रुक्मावतीचा काठ, जुने बंदर आणि वाळूचा किनारा

बडोद्यात कोणी "जरा मांडवीला जाऊन येतो" म्हटले, तर तो लहरीपुरा दरवाजातून आत शिरून जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या कमानींच्या वास्तूकडे निघाला आहे, हे सांगावे लागत नाही. आपल्या भाषेत मांडवी म्हणजे मालावर जकात घेण्याची जागा. मुंबईची मांडवी याच अर्थाची, आणि कच्छच्या किनाऱ्यावर रुक्मावती नदीच्या मुखाशी वसलेली मांडवीही त्याच अर्थाची. या लेखात त्या कच्छच्या मांडवीची एक दिवसाची पायी फेरी कशी आखावी, हे सांगितले आहे. सकाळी नदीकाठच्या जहाजबांधणीपासून सुरुवात करायची, दुपारपर्यंत जुन्या बंदरावर पोहोचायचे आणि संध्याकाळी पूल ओलांडून वाळूच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायचा, असा हा क्रम आहे. मधली वळणे धरून एकूण चाल सहा-सात किलोमीटरची होते. दांडिया बाजार आणि आसपासचे आम्ही दहा-बारा जण हिवाळ्यात अशा फेऱ्यांना जातो. आमच्यातले बहुतेक साठी ओलांडलेले आहेत, त्यामुळे येथे दिलेल्या वेळा आणि अंतरे संथ चालणाऱ्यांसाठी आहेत, असे समजावे.

वार नव्हे, तिथी पाहून दिवस ठरवा

या फेरीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय घरी, दिनदर्शिकेसमोर उभे राहूनच घ्यायचा असतो, आणि नेमका तोच बहुतेक जण घेत नाहीत. मांडवी हे भरती-ओहोटीचे गाव आहे. रुक्मावती ही कच्छमधल्या इतर नद्यांप्रमाणे पावसाळी नदी आहे, आणि हिवाळ्यात तिच्या मुखाशी जे पाणी दिसते ते मुख्यतः समुद्राचे, भरतीबरोबर आत आलेले असते. त्यामुळे एकाच ठिकाणी सकाळी चिखल आणि दुपारी भरलेले पात्र दिसू शकते. जहाजबांधणीचा काठ पाहायला ओहोटी हवी, बंदर पाहायला भरती हवी आणि वाळूवर चालायला पुन्हा ओहोटी हवी. या तिन्ही गोष्टी एका दिवसात याच क्रमाने जुळून येणारे दिवस महिन्यातून दोन वेळा येतात.

ते कसे ओळखावे? कोकणातील मंडळींना तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब पाठ असतो. पंधरवड्यातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब मुळात कोकण आणि मुंबईच्या किनाऱ्याचा असल्याने मांडवीत त्यात अर्धा-पाऊण तासाचा, कधी तासाभराचाही फरक पडतो. म्हणून त्याचा उपयोग तारीख निवडण्यापुरताच करावा आणि नेमकी वेळ भरतीच्या अधिकृत तक्त्यावरून किंवा आदल्या संध्याकाळी बंदरावरच्या खलाशांना विचारून पक्की करावी. त्यांना तारीख सांगण्यापेक्षा "वद बीज" किंवा "सुद त्रीज" असे तिथीने विचारले, तर उत्तर चटकन आणि नेमके मिळते. भरतीला गुजरातीत भरतीच म्हणतात आणि ओहोटीला "ओट", एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचा काळ या फेरीसाठी उत्तम असतो, आणि त्यातही द्वितीया. त्या दिवशी दीड-दोनच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि ओहोटी सकाळी साडेसात-आठला व पुन्हा रात्री त्याच सुमारास येते. म्हणजे सकाळी नदीकाठ उघडा, दुपारी बंदर भरलेले आणि संध्याकाळी वाळू रुंद होत चाललेली. शिवाय हे उधाणाचे दिवस असल्याने पाण्याच्या पातळीतला फरक मोठा असतो आणि डोळ्यांना स्पष्ट दिसतो. अष्टमी-नवमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी होतो आणि वेळाही नेमक्या उलट्या पडतात. दोन पंधरवड्यांपैकी निवड करता येत असेल तर पौर्णिमेनंतरची द्वितीया घ्यावी, कारण परत येताना चंद्र उगवतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सर्वांना सोयीचा म्हणून रविवार निवडला होता, आणि तो नेमका अष्टमीचा होता. भर दुपारी बंदरावर पोहोचलो तर पाणी दूर गेलेले, होड्या कलंडलेल्या आणि सगळीकडे ओला चिखल. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तेव्हा समुद्राने ओली, घट्ट वाळू झाकून टाकली होती आणि चालायला वरची भुसभुशीत कोरडी वाळूच काय ती उरली होती. त्या वाळूत आमच्या आत्याचा घोटा मुरगळला आणि तिला पुढचे तीन दिवस पाय टेकवता आला नाही. दिवस जर तिथी पाहून ठरवला असता तर ती त्या वाळूत चाललीच नसती, हे मला अजून लागते. या विषयावर इतके लिहिण्याचे कारणही तेच आहे.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात दुपारची चाल झेपत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि देशी जहाजांची ये-जा बंद असते. १५ जून २०२३ रोजी बिपरजॉय हे चक्रीवादळ कच्छमध्येच जखौजवळ किनाऱ्यावर धडकले आणि मांडवीलाही त्याचा तडाखा बसला, हे ध्यानात ठेवून जूनमध्ये जाण्याचा विचार सोडून द्यावा.

बडोद्यातली तयारी

मांडवीला रेल्वे नाही. भुजपर्यंत गाडीने आणि तिथून सुमारे साठ किलोमीटर एसटीने किंवा जीपने जावे लागते. बडोदेकरांसाठी सयाजीनगरी एक्सप्रेस सर्वांत सोयीची, कारण ती बडोद्याहून रात्री निघते आणि झोप होते न होते तोच भुज येते. हिवाळ्यात कच्छमध्ये रणोत्सवाची गर्दी असते, म्हणून आरक्षण खुले होईल त्याच दिवशी तिकिटे काढावीत. प्रतिपदेला सकाळी पोहोचून तो दिवस विश्रांतीचा आणि इकडेतिकडे पाहण्याचा ठेवला, की द्वितीयेची सकाळ ताज्या पायांनी सुरू करता येते. कच्छ हा सीमेवरचा जिल्हा असल्याने मुक्कामाच्या ठिकाणी प्रत्येकाचे ओळखपत्र मागतात. घरातल्या एकाचे पुरेल, असे धरून चालू नये.

चालण्याचा सराव आधी पंधरा दिवस करावा. नदीकाठाने चालण्याची सवय आम्हां बडोदेकरांना नाही, आणि विश्वामित्रीत मगरींची वस्ती असल्याने तशी सवय लावूनही घेता येत नाही. आम्ही कमाटीबागेत फेऱ्या मारतो. परंतु फरसबंद वाटेवरची तीन किलोमीटर आणि वाळूवरची तीन किलोमीटर यांत फार फरक आहे. वाळूत टाच खाली जाते, पोटऱ्या आणि घोटे ओढले जातात आणि नेहमीच्या वेगाने चालणारा माणूस अर्ध्या तासात थकतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात बागेतल्या हिरवळीवर किंवा भुसभुशीत मातीवर रोज वीस मिनिटे अनवाणी चालावे, आणि जिना चढता-उतरताना टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. एवढ्याने बराच फरक पडतो.

पादत्राणे दोन प्रकारची हवीत. सकाळसाठी जाड तळव्याचे बंद बूट घ्यावेत, कारण जहाजबांधणीच्या काठावर लोखंडी खिळे, लाकडाच्या ढलप्या आणि तारांचे तुकडे जमिनीत अर्धवट रुतलेले असतात. संध्याकाळसाठी पट्ट्याच्या, पाणी चालणाऱ्या चपला घ्याव्यात. नुसत्या अंगठ्याच्या चपला नदीकाठच्या चिखलात हमखास अडकतात. टोपी, दोन बाटल्या पाणी, पंचा आणि मीठ-साखरेची पुडी एवढे पाठीवरच्या पिशवीत पुरते. समुद्राचा वारा सुखद वाटत असल्याने ऊन जाणवत नाही आणि पाणी पिण्याचे भान राहत नाही. तहान लागो न लागो, दर तासाला दोन-चार घोट घ्यावेत.

सकाळ: जिथे जहाजे जमिनीवर उभी असतात

साडेसातपर्यंत नदीवर पोहोचावे. हिवाळ्यात मांडवीचा सूर्य बडोद्यापेक्षा सुमारे पंधरा मिनिटे उशिरा उगवतो, कारण आपण जवळजवळ चार अंश पश्चिमेला आलेलो असतो; त्यामुळे साडेसातलाही उजेड कोवळाच असतो. समोर काठावर घरांपेक्षा उंच लाकडी सांगाडे उभे दिसतात. लांबून पाहताना ही अर्धवट बांधलेली देवळे असावीत असे वाटते, आणि जवळ गेल्यावर कळते की ही जहाजे आहेत. मांडवीतील जहाजबांधणीची परंपरा सुमारे चारशे वर्षांची मानली जाते, आणि ती आजही हाताने चालते. एका जहाजाला दोन-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. इथले लोक त्याला "वहाण" म्हणतात.

ओहोटीच्या वेळी येण्याचे महत्त्व येथे समजते. पाणी मागे गेलेले असल्याने जहाजाचा तळ पूर्ण उघडा असतो आणि आपल्याला त्याची बांधणी खालून वर वाचता येते. सर्वांत खाली लांब, जाड तुळई, म्हणजे जहाजाचा कणा; कोकणातले खलाशी त्याला पठाण म्हणतात. त्यावर दोन्ही अंगांना बरगड्यांसारखी वाकडी लाकडे उभी केलेली असतात. ही लाकडे वाकवलेली नसतात. बाभळीच्या झाडाचा नैसर्गिक बाक पाहून, जिथे जसा बाक हवा तसे लाकूड निवडून ती घेतलेली असतात, कारण जसा तंतू तसा बाक असेल तर लाकूड लाटांच्या माऱ्यात फुटत नाही. बाहेरच्या फळ्या बहुतांशी परदेशातून, विशेषतः मलेशियातून आलेल्या साल लाकडाच्या असतात. एकेका बरगडीसमोर थांबून तिच्यातील रेषा पाहाव्यात. ज्या कारागिराने ती निवडली त्याने झाड उभे असतानाच त्यात जहाज पाहिले असणार, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

फळ्या ठोकून झाल्या तरी त्यांच्यामध्ये फटी राहतात. एका सकाळी मी एका वयस्क मिस्त्रींना हे काम करताना अर्धा तास पाहत बसलो होतो. त्यांनी कापसाची बोटाएवढी जाड वात मांडीवर वळली, तेलात बुडवून पिळली, फटीच्या तोंडाशी धरली आणि बोथट छिन्नीने हलके हलके आत ठोसायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याचा आवाज ते ऐकत होते. फट भरत आली तसा आवाज पोकळाचा घट्ट झाला, आणि तो तसा झाला की हात पुढे सरकायचा. शेजारी त्यांचा नातू वाकसाने फळीची कड तासत होता आणि आजोबांचा ठोका थांबला की मान वर करून पाहत होता. मी गुजरातीत विचारले, "काका, अंदर अवाशे?" तेव्हा त्यांनी छिन्नीनेच शिडीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "आवो, पण जोईने पग मूकजो." पाय पाहून ठेवा, एवढाच त्यांचा नियम होता.

तो नियम आपणही पाळावा. हा काठ म्हणजे कामाची जागा आहे आणि तिथे वरून लाकूड, साखळ्या, हत्यारे येत-जात असतात. परवानगीवाचून शिडीवर चढू नये, कारागिरांचे फोटो विचारून काढावेत, आणि उचललेल्या लाकडाखाली तर क्षणभरही उभे राहू नये. गुडघेदुखी असणाऱ्यांनी शिडीचा मोह टाळावा. जहाजाच्या आत दिसते त्याहून अधिक त्याच्या तळाशी उभे राहून दिसते. बांधून पूर्ण झालेले जहाज पाण्यात ढकलण्यासाठीही उधाणाच्या भरतीचीच वाट पाहतात, त्यामुळे आपण निवडलेल्या तिथीला असा प्रसंग दिसण्याची शक्यता इतर दिवसांपेक्षा अधिक असते. मला तो अद्याप पाहायला मिळालेला नाही.

या काठासाठी दोन तास ठेवावेत. पुढच्या वेळेत काटछाट करावी लागली तरी येथे करू नये.

दुपारपर्यंत: तटाच्या आतून बंदराकडे

साडेनऊच्या सुमारास गावात वळून न्याहारी करावी. दाबेली मांडवीचीच. विसाव्या शतकात ती याच गावात प्रथम विकली गेली असे मानतात, आणि बडोद्याच्या दाबेलीची सवय असणाऱ्यांना इथली कमी गोड, मसाल्याला अधिक मोकळी वाटते. न्याहारीनंतर गावाच्या मध्यातील टोपणसर तलावाकाठी थोडे बसावे. बडोद्याच्या सूरसागर तलावाची आठवण येतेच.

मग गल्ल्यांतून दक्षिणेकडे, बंदराच्या दिशेने चालू लागावे. मांडवी वसवली कच्छचे राव खेंगारजी पहिले यांनी, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गावाभोवती तट होता. त्याचे काही भाग आणि बुरूज आजही जागोजाग दिसतात, आणि त्यांतला नैऋत्येचा बुरूज दीपगृह म्हणून वापरला गेला. चालताना घरांच्या वरच्या मजल्यांकडे मुद्दाम पाहावे. कोरीव लाकडी कंस, नक्षीदार सज्जे आणि काही ठिकाणी युरोपीय वळणाची शिल्पे दिसतात. हा पैसा समुद्रातून आला. मांडवीची जहाजे मलबार, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात, आणि कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या मस्कत आणि झांजिबारला होत्या. अठराव्या शतकातील रामसिंह मालम हा इथल्या समुद्री परंपरेतला मोठा माणूस. तो हॉलंडमध्ये राहून काच, मिनाकारी, फरशा आणि घड्याळे यांची विद्या शिकून आला आणि भुजचा आयनामहाल त्याच्या हातून घडला. "मालम" म्हणजे जहाजाचा वाटाड्या. ध्रुवाची उंची मोजून वाट ठरवणारे हे मालम आपली माहिती हाताने लिहिलेल्या पोथ्यांमध्ये ठेवत. पोथी म्हटले की आपल्याला देवघर आठवते. इथे ती जहाजावर असे, आणि तिच्यात किनाऱ्यांच्या खुणा, ताऱ्यांच्या उंची आणि बंदरांमधली अंतरे असत.

बाराच्या सुमारास बंदरावर पोहोचले म्हणजे भरती जोरात असते. सकाळी चिखलात बसलेल्या होड्या एकेक करून हलू लागतात. आधी दोर ढिला पडतो, मग होडी किंचित सरळ होते, आणि मग एकदम तरंगते. हा क्षण पाहण्यासाठी एकाच होडीवर नजर ठेवून पंधरा-वीस मिनिटे सावलीत बसावे, सगळे बंदर एकदम पाहण्याच्या नादात तो निसटतो. नदीच्या मुखाकडे पाहिले की या बंदराचे वैभव आणि त्याची अडचण दोन्ही कळतात. नदीने जहाजांना आत आसरा दिला, आणि तिच्याच गाळाने पात्र उथळ केले. मोठ्या जहाजांना आत येता येईना, ती बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून उतरवावा लागे. वाफेच्या जहाजांचा काळ आला, मुंबई आणि कराची वाढली, आणि फाळणीत कराची गेल्यावर भारताने कच्छमध्येच कांडल्याचे नवे बंदर उभारले. त्याला १९५५ साली मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. मांडवीकडे मोठा व्यापार परत आला नाही. लाकडी वहाणे मात्र आखाती देश आणि आफ्रिकेच्या लहान बंदरांकडे अजूनही माल नेतात, कारण जिथे मोठे जहाज जाऊ शकत नाही तिथे ती जातात.

बडोदेकरांनी इथे उभे राहून समुद्राकडे, नैऋत्येला पाहावे. कच्छच्या आखातापलीकडे ओखामंडल आहे. तो मुलूख गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता, आणि ओख्याचे आधुनिक बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात उभे राहिले. समुद्रापासून दूर असलेल्या राजधानीने समुद्रावर बंदर बांधावे, यामागचा विचार मांडवीचे हे भरलेले मुख पाहिल्यावर अधिक नीट समजतो.

बंदरावरचे काही भाग कामाच्या किंवा सुरक्षेच्या कारणाने बंद असतात. पहारेकऱ्याने नाही म्हटले तर तिथूनच मागे वळावे. तटरक्षक दलाच्या नौकांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे फोटो काढू नयेत.

पूल ओलांडून वाळूकडे

दोन वाजता जेवून दीड तास आडवे पडावे. ही विश्रांती सोडून थेट किनाऱ्यावर गेलेले लोक सूर्यास्तापर्यंत टिकत नाहीत, आणि सूर्यास्तच चुकला तर दिवसाचा अर्धा भाग गेला. पावणेचारला निघावे. रुक्मावतीवर एकोणिसाव्या शतकात बांधलेला दगडी पूल आहे. पुलावरून नदी पार करताना सकाळी पाहिलेला काठ आता वरून आणि भरल्या पाण्यासह दिसतो. त्याच जहाजांच्या तळाशी आपण काही तासांपूर्वी उभे होतो, ती जागा पाण्याखाली गेलेली किंवा पाण्याच्या कडेला आलेली असते. पाण्याने आता उलट दिशा धरलेली असते. पुलाखाली वाहणाऱ्या गवताच्या काडीकडे पाहिले तरी ओहोटी लागल्याचे कळते.

पलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठाने दक्षिणेकडे गेले की काशी विश्वनाथाचा किनारा लागतो. गावाच्या मध्यापासून हे अंतर सुमारे दोन किलोमीटर आहे. वाटेत सावली फार नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पुलापासून रिक्षा करावी आणि आपली ताकद वाळूसाठी राखून ठेवावी. आमच्या गटात हा सल्ला आम्ही आता न मागता देतो.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर टपऱ्या, उंट आणि घोडे यांची गर्दी लागते. तिथे न रेंगाळता सरळ पाण्याच्या दिशेने जावे आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर यावे. पावलाचा ठसा उमटतो पण टाच खाली जात नाही, अशी वाळू चालायला योग्य समजावी. पाऊल टाकताच भोवती क्षणभर कोरडे पांढरे वर्तुळ दिसत असेल तर वाळू घट्ट आहे. पाऊल चुळबुळत रुतत असेल आणि खड्ड्यात लगेच पाणी भरत असेल तर तिथून वर सरकावे. या घट्ट पट्ट्यावरून नदीच्या मुखापासून दूर, पूर्वेकडे, पंधरा-वीस मिनिटे चालत जावे आणि तेवढेच परत यावे. जाताना घड्याळ पाहून वळण्याची वेळ ठरवून घ्यावी. सपाट किनाऱ्यावर अंतराचा अंदाज चुकतो, आणि परतताना सूर्य डोळ्यांवर असतो.

ओहोटी सरकत असल्याने वाळूवर दर काही मिनिटांनी नवी रेघ उमटते. शंख-शिंपले, खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी आणि वाळूवरच्या लाटांच्या खुणा हे सारे या पट्ट्यातच दिसते. जिवंत प्राणी असलेले शंख उचलू नयेत. डिसेंबरच्या मध्यास सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास असतो. सहाला परत टपऱ्यांजवळ येऊन बसावे.

पाण्यात उतरण्याआधी

ओहोटीच्या वेळी नदीचे आणि खाडीत साठलेले भरतीचे पाणी एकाच अरुंद मुखातून बाहेर धावते. वरून शांत दिसणारे ते पाणी पोहणाऱ्याला सहज बाहेर ओढून नेऊ शकते, आणि उधाणाच्या दिवसांत हा ओढा सर्वांत जोरदार असतो. आपण नेमके उधाणाचे दिवस निवडले आहेत, म्हणून ही सूचना या फेरीला दुप्पट लागू आहे. मुखाच्या जवळपास पाण्यात अजिबात उतरू नये, मग घोट्याएवढे पाणी असले तरीही. किनाऱ्याच्या मोकळ्या भागात पाय भिजवायचे असतील तर गुडघ्याच्या वर जाऊ नये, आणि लहान मुलांचा हात धरलेला असावा, त्यांच्यावर नुसती नजर ठेवणे पुरेसे नाही. कोणी ओढ्यात सापडलाच तर त्याने किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नये. किनाऱ्याला समांतर सरकत ओढ्याबाहेर यावे आणि मग किनारा धरावा. वाचवणाऱ्याने मागोमाग उडी न घेता दोर, रिकामे डबे, ओढणी असे काही तरी फेकावे आणि मदतीसाठी ओरडावे.

अंधार पडल्यावर ओल्या वाळूवर थांबू नये. रात्री आठनंतर पाणी पुन्हा चढू लागते.

आधीचा दिवस

प्रतिपदेच्या मोकळ्या दिवशी दोन ठिकाणे पाहता येतात, आणि दोन्हींसाठी रिक्षा करावी. गावाच्या पश्चिमेला सुमारे सात-आठ किलोमीटरवर विजयविलास राजवाडा आहे. लाल दगडातली ही वास्तू १९२९ साली पूर्ण झाली. दुसरे ठिकाण क्रांतितीर्थ, म्हणजे क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचे स्मारक. श्यामजींचा जन्म १८५७ साली मांडवीत झाला. लंडनमध्ये त्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या इंडिया हाउसमध्येच पुढे विनायक दामोदर सावरकर राहिले, तेही श्यामजींच्याच पुढाकारातून दिल्या जाणाऱ्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. श्यामजींच्या अस्थी २००३ साली जिनिव्हाहून भारतात आणल्या गेल्या आणि २०१० साली हे स्मारक खुले झाले. तिथे इंडिया हाउसची प्रतिकृती उभारली आहे. तास-दीड तास पुरतो.

त्याच संध्याकाळी परतताना बंदरावर पाच मिनिटे थांबून दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, आणि द्वितीयेच्या रात्री किनाऱ्यावरून आणण्यासाठी रिक्षावाल्याशी सातची वेळ तेव्हाच ठरवून ठेवावी. सूर्यास्तानंतर सगळे एकदम निघतात आणि रिक्षा मिळत नाही. सव्वासात-साडेसातपर्यंत वाट पाहण्याची त्याची तयारी असेल तर त्याला थांबवून घ्यावे, कारण त्या सुमारास पूर्वेला, आपण वाळूवर चालत गेलो होतो त्याच बाजूने, तांबूस चंद्र वर येऊ लागतो.